प्रोफिराबाईंची बोटं

१

प्रोफिराबाई मेल्या नव्हत्या. पण त्या जिवंत आहेत असं छातीठोकपणे सांगायलाही कुणी तयार नव्हतं.

सोमवारी सकाळी त्या स्वतःच्या पायांनी आमच्या गावच्या इस्पितळात आल्या होत्या. बेंबीजवळचा हर्निया, सकाळी ऑपरेशन आणि संध्याकाळी घरी. चारचौघांच्या बाबतीत होते तशी साधी गोष्ट. ऑपरेशन नीट पार पडलं, टाके पडले, बाईंनी डोळे किलकिले करून स्वतःचं नावही सांगितलं. मग भूल उतरण्याच्या खोलीत नेल्यावर, शेजारी परिचारिका बसलेली असताना, त्यांचा श्वास कुठेतरी हरवला. तो परत आणला तेव्हा उशीर झाला होता. गळ्यात नळी घालून त्यांना जिल्ह्याच्या अतिदक्षता विभागात नेलं, त्या अजून शुद्धीवर आल्या नव्हत्या.

बुधवारी सकाळी देवापुढचा दिवा लावून मी उठतच होते, तोच आरोग्य मंडळाचा फोन आला. मी भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्य काढलं, निवृत्त झाले, आता असल्या चौकशांना मला बोलावतात. फोनवरचा माणूस घाईत होता.

"टेकलाबाई, संध्याकाळपर्यंत एकच सांगा. डॉक्टर कासियानचा परवाना ठेवायचा की काढायचा?"

"एवढ्या लवकर?"

"मुख्य सर्जन हरालांब यांचं पत्र आलंय. बाई वजनदार, रक्तदाब, साखर, त्यातून झोपेत श्वास अडकण्याचा आजार. अशा बाईला एका दिवसाच्या ऑपरेशनला घेतलं हीच चूक, आणि घेण्याचा निर्णय एकट्या कासियानचा. सरळ आहे सगळं."

फार सरळ आहे म्हटलं की मला भीती वाटते. मी डोक्याला रुमाल बांधला आणि निघाले.

इस्पितळाच्या पायरीवर एक तरुण उभा होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. छातीवरचा नावाचा बिल्ला काढून त्याने माझ्यापुढे धरला.

"हा तुम्हीच ठेवा," तो म्हणाला. "संध्याकाळी मागून घेण्यापेक्षा बरं."

२

बिल्ला मी घेतला नाही. त्याला बागेतल्या बाकावर बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"तिला का घेतलंस?"

"कारण बाकी सगळ्यांनी नाही म्हटलं होतं." कासियान गुडघ्यांकडे बघत बोलत होता. "मोठ्या इस्पितळात वर्षभर थांबा म्हणाले. टेकडीवरच्या जाड्या, म्हाताऱ्या, घोरणाऱ्या बायकांना कुणीच घेत नाही, डॉक्टरबाई. हर्निया अडकला की मग रात्रीबेरात्री घ्यावंच लागतं, तेव्हा त्या मरतात. मी नीट आखणी करून घेतलं."

"आखणी सांग."

त्याने सांगितली, आणि मी मनात एकेक गोष्ट तपासत गेले. यादीत पहिला नंबर, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येईल. जखमेतच बधिर करणारं औषध, म्हणजे झोप आणणारं वेदनाशामक अगदी थोडं पुरेल. उशाकडची बाजू उंच. प्रोफिराबाई घरी झोपताना श्वासाचं यंत्र लावत, ते बरोबर आणायला लावलेलं. बाहेर आल्या आल्या ते नाकातोंडावर बसवायचं. पूर्ण जाग आली नाही तर घरी सोडायचंच नाही, रात्रभर ठेवायचं. मी असते तर मीही याहून वेगळं काही केलं नसतं.

"मग यंत्र बसवलंस?"

"तेच नाही बसवलं. पिशवी उघडत होतो, तेवढ्यात आतून निरोप आला. पुढचा पेशंट टेबलावर आहे, साहेब वाट बघतायत. म्हटलं, हा चालू करून येतो. तोवर साधा प्राणवायूचा मास्क लावला. वेतुरियाबाई शेजारी बसल्याच होत्या. आणि बोटाला ऑक्सिमीटर होता. वाटलं, रक्तातला प्राणवायू कमी झाला तर ते यंत्र बोंबलेल आणि मी भिंतीपलीकडेच आहे."

"बोंबललं?"

"नाही." त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "मी आलो, मास्क उचलला, तर ओठ जांभळाच्या रंगाचे. मशीन चालू, चिमटा बोटावर, आणि आवाज नाही. आता सगळे मलाच बोलतात. नार्चिसाताईही... प्रोफिराबाईंची मुलगी. त्यांनी माझ्या तोंडावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं."

कासियान समुद्राकाठचा. वसंतात इथे रुजू झालेला. इस्पितळात सगळे त्याला 'मासोळी' म्हणत, हे मला पहारेकऱ्याने आत शिरतानाच सांगितलं होतं.

"तुझं काय म्हणणं आहे?"

"मी खोलीबाहेर पडल्यावर," तो हळूच म्हणाला, "कुणीतरी त्या यंत्राचं तोंड बंद केलं."

३

भूल उतरण्याची खोली लहान, स्वच्छ, पडदे ओढलेले. जूनचं ऊन पश्चिमेच्या खिडक्यांवर नसतं तेव्हाही तिथे उन्हाला यायला बंदी, पेशंटच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून. वेतुरियाबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. गोल चेहरा, पांढरे केस, सगळं गाव त्यांना तांती वेतुरिया, म्हणजे वेतुरियामावशी म्हणतं. मला बघताच उठल्या आणि माझे दोन्ही हात धरले. मग खाली बघून हसू की रडू असं त्यांना झालं.

"अगो, तुमचीही?"

माझी बोटं दुसऱ्या पेरापर्यंत काळी होती. त्यांचीही. या दिवसांत आमच्याकडे ज्याची बोटं काळी नाहीत तो आळशी किंवा परका. हिरवे अक्रोड कोवळे असतानाच सोलायचे, रसाने बोटं काळी पडली तरी सोलायचे, पाण्यात भिजवायचे, साखरेत मुरवायचे. पाहुण्यापुढे चमचाभर तो मुरंबा आणि थंड पाणी ठेवलं नाही तर घराची लाज जाते.

"मठातल्या बायांबरोबर बसले होते सोलायला," मी म्हटलं.

"हातमोजे नाही घातलेत?"

"तुम्ही घातलेत?"

"हातमोज्यांनी साल सुटतं का कुठे!" आणि मग आठवण झाल्यासारखा त्यांचा चेहरा पडला. "विचारा, डॉक्टरबाई. विचारायलाच आलात ना?"

"तुम्ही उठला होतात का खुर्चीवरून?"

"या कुमारीमातेची शपथ, पाणी प्यायलासुद्धा नाही." भिंतीवरच्या चित्राकडे बघून त्यांनी क्रूसाची खूण केली. "प्रोफिरा माझ्याबरोबर शाळेत होती. तिचा हात माझ्या हातात होता. हा असा. दोन म्हाताऱ्यांचे हात, सगळे सारखे, कुठला कुणाचा कळू नये. मी जपमाळ ओढत होते तिच्यासाठी."

"ती कशी होती?"

"घोरत होती! देवा, काय ते घोरणं, पडदे हलत होते. मी म्हटलंसुद्धा, अगं प्रोफिरा, नवरा काय उगाच लवकर गेला का? मग हळूहळू घोरणं थांबलं. शांत झाली. म्हटलं, बरं झालं, आता गाढ झोपली बिचारी."

भुलीतून उठणारा माणूस घोरतो तोवर निदान हवा कुठूनतरी जात असते. घोरणं थांबतं ते दोन कारणांनी. एक तर माणूस जागा झाला, नाहीतर वाट पूर्ण बंद झाली.

"चेहरा बघितलात?"

"मास्क होता ना. आणि तोंड भिंतीकडे वळलेलं. कपाळ तेवढं दिसत होतं, ते गारही नव्हतं." त्यांचा आवाज फुटला. "यंत्र ओरडलं असतं तर मी उठले नसते का हो?"

"तुम्ही त्याचं बटण दाबलं नाहीत?"

"नाही."

मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते. आयुष्यभर माणसांना झोपवताना मी डोळेच बघत आले. त्या खोटं बोलत नव्हत्या.

यंत्र अजून तिथेच होतं. मी ते चालू केलं आणि चिमटा माझ्या तर्जनीला लावला. पडद्यावर आकडा चढता चढता अडखळला, घसरला, आणि यंत्राने अशी किंकाळी फोडली की बाहेरच्या कठड्यावरची कबुतरं उडाली.

वेतुरियाबाई खुर्चीवरून ताडकन उठल्या. छातीवर हात ठेवून त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"अगं आई गं! हे आता बोलतं?"

त्या याच खोलीत केस पांढरे झालेल्या बाई होत्या.

४

डॉ. हरालांबनी मला त्यांच्या खोलीत बसवलं, चहा मागवला आणि चीज भरलेल्या गरम पुऱ्यांची ताटली पुढे सरकवली.

"संत पेत्रु-पावेलचा उपास आहे, साहेब, चीज चालत नाही. मी नुसता चहा घेते."

"अरे हो, तुम्ही अजून पाळता!" ते हसले. "टेकलाबाई, देवाने आपल्याला पोट दिलं आणि पाद्रीबाबाने कुलूप."

"किल्ली आपल्याकडेच ठेवली आहे त्यांनी."

ते मोकळेपणाने हसले. माणूस वाईट नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. हा विभाग त्यांनी उभा केला. त्याआधी टेकडीवरच्या लोकांना साध्या गाठीसाठीही दिवसाचा प्रवास करावा लागे. पण दाराशी कुत्रा बसवून ठेवावा तसं त्यांच्या हसण्यामागे काहीतरी बसलेलं होतं.

"सरळ बोलू?" ते पुढे झुकले. "पोरगा हुशार आहे. त्याला समुद्राकडे दुसरी नोकरी मिळेल. वर्षभराने परवानाही परत मिळेल. पण मंडळाला जर वाटलं की दोष विभागात आहे, तर उद्या दाराला टाळं. मग प्रोफिरासारख्या बायका कुठे जातील? एकाचं नाव लिहा आणि पुढे असल्या धोक्याच्या पेशंटना आपण घेणार नाही असं लिहा. सगळ्यांचं भलं."

"प्रोफिरासारख्या बायकांचं भलं कसं? त्यांना तर तुम्ही घेणारच नाही म्हणताय."

त्यांनी चमचा कपात फार वेळ ढवळला.

मी विचारलं, "पुढच्या पेशंटसाठी घाई तुम्ही केलीत?"

"यादी चालवावी लागते, बाई. त्याने थांबा म्हटलं असतं तर थांबलो असतो."

"म्हटलं असतं तर मासोळी म्हणून हसला नसतात?"

त्यांनी पुऱ्यांची ताटली स्वतःकडे ओढली.

"आणि यंत्र? किती आकड्याला ओरडायचं हे कोण ठरवतं?"

"त्याला कुलूपशब्द लागतो. तो माझ्या कपाटात असतो, कुणी खेळू नये म्हणून. मी स्वतः तुमच्या त्या यंत्रांना हात लावत नाही. मला चाकू कळतो, बाकी नाही." उठता उठता त्यांनी माझ्या खांद्यावर मित्रासारखा हात ठेवला. "यंत्राची काळजी करू नका. कालच बघितलंय मी, उत्तम ओरडतं."

दारापर्यंत मी गेले आणि तिथेच थांबले. ज्या यंत्राला हात लावत नाहीत ते काल कसं बघितलं? आणि सोमवारी मुकं होतं ते मंगळवारी ओरडायला कसं शिकलं?

उत्तराचा अर्धा भाग माझ्या हाती आला होता. पण त्याने फक्त यंत्राचं मौन उलगडत होतं. यंत्र मुकं होतं, मान्य. पण वेतुरियाबाई तर मुक्या नव्हत्या, आंधळ्या नव्हत्या, प्रोफिराबाईंचा हात हातात धरून बसल्या होत्या. त्यांना का दिसलं नाही?

ते न कळता मी काहीही लिहिलं असतं तरी कासियान बुडालाच असता. मी जिल्ह्याच्या गावी जाणारी बस पकडली.

५

अतिदक्षता विभागात यंत्राच्या लयीत प्रोफिराबाईंची छाती वरखाली होत होती. गालांवर रंग होता. सकाळपासून पापण्या फडफडतात, डॉक्टर म्हणाले, पण अजून काही सांगता येत नाही.

त्यांची मुलगी पायांशी उभी होती. नार्चिसा, चाळिशीची, बेकरीत काम करणारी, रुंद खांद्यांची.

"तुम्ही त्या पोराला वाचवायला आलात," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"मी काय झालं ते बघायला आले, मुली."

"काय झालं ते ही पडली आहे. बघा. दिसतंय का?" तिचा आवाज चढला, मग आईकडे बघून तिने तो गिळला. "सोमवारी सकाळी मला म्हणाली, संध्याकाळी घरी आल्यावर कोबीचं सूप कर, उपासाचं, तेल घालू नकोस. कुणावर तरी मला ओरडायचंय, तांती. त्याच्यावर ओरडले नाही तर कुणावर ओरडू?"

मी तिचा हात धरला. काळा, राकट, अक्रोडाच्या रसाने भेगांत रेघोट्या उठलेला. दुसऱ्या हाताने मी पांघरुणावरचा प्रोफिराबाईंचा हात उचलला. आणि तो हातातच राहिला.

गोरा, मऊ, पिठासारखा हात. नखं फिकट गुलाबी. पेरांच्या भेगांतसुद्धा कणभर डाग नाही.

"यांचे हात इथे कुणी घासले का?" मी तिथल्या परिचारिकेला विचारलं.

"पुसतो तेवढंच. घासायला काय झालंय त्यांना?"

"आईने यंदा अक्रोड सोलले नाहीत?" मी नार्चिसाकडे वळले.

"यंदा?" ती चमकली. "कधीच नाही. रस लागला की तिला फोड येतात, लहानपणापासून. तिची आई तिला म्हणायची, तू राजाच्या घरची आहेस. मीच सोलते, तेही अंगणात. स्वयंपाकघरात आणले तर लाटणं घेऊन मागे लागते."

माझ्या तर्जनीवर मी अंगठा घासला. लिंबू, राख, व्हिनेगर, सगळं करून झालं होतं. अक्रोडाचा डाग कातडी बदलते तेव्हाच जातो. सोमवारी काळी असलेली बोटं बुधवारी अशी दिसूच शकत नाहीत.

वेतुरियाबाई म्हणाल्या होत्या, सगळे हात सारखे, कुठला कुणाचा कळू नये.

मग त्यांच्या हातात होता तो काळा हात कुणाचा?

प्रश्न मनात उमटला आणि उत्तरही त्याच्या पाठोपाठ आलं. मी तो हात हळूच पांघरुणावर ठेवला.

"नार्चिसा," मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर. तुझ्या आईसाठी जे बोलायचंय ते तुझ्यासमोर बोलायचंय."

६

ऊन उतरलं होतं. भूल उतरण्याच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. मी सगळ्यांत आधी पडदे उघडले.

"बसा," मी म्हटलं. कुणी बसलं नाही.

"मला दोन खरं बोलणाऱ्या बायका भेटल्या. तांती वेतुरिया म्हणाल्या, प्रोफिराचा हात माझ्या हातासारखाच होता. म्हणजे काळा. नार्चिसा म्हणते, आई अक्रोडाला शिवतच नाही. मी हात बघून आले. डाग नाही. दोघींपैकी कुणीही खोटं बोलत नाही. मग सोमवारी तो हात काळा कशाने होता?"

कासियानने श्वास आत ओढला. त्याला सर्वांआधी कळलं.

"प्राणवायू संपला की आधी नखं निळी पडतात," मी म्हटलं. "मग बोटं, मग सगळं जांभळं-काळं. प्राणवायू मिळाला की रंग परत येतो, म्हणून तो हात आज गोरा आहे. दुसऱ्या कुठल्याही गावात, वर्षाच्या दुसऱ्या कुठल्याही महिन्यात अशी नखं दिसली असती तर अडाणी माणूससुद्धा किंचाळला असता. आपल्याकडे जूनमध्ये काळ्या बोटांकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नसतं."

वेतुरियाबाईंनी स्वतःचे हात पोटाशी धरले, लपवल्यासारखे.

"आता यंत्र. आज सकाळी ते माझ्या बोटावर ओरडलं. का? डागामुळे. काळ्या बोटांतून त्याला नीट दिसत नाही, ते आकडा कमी दाखवतं. म्हणजे आपल्या गावात या दिवसांत ते प्रत्येक पेशंटवर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओरडायला हवं. पण तांती वेतुरिया दचकल्या. हे आता बोलतं का, असं विचारलं त्यांनी. म्हणजे या दिवसांत ते कधीच बोलत नाही. आणि आकडा कमी दिसायची इतकी सवय की पडद्याकडेही कुणी बघत नाही. सोमवारी कुणी आत येऊन त्याचं तोंड बंद केलं नाही, कासियान. तू येण्याच्या आधीपासून या महिन्यात ते बंदच असतं. ओरडण्याचा आकडा इतका खाली नेऊन ठेवतात की मढ्यालाच लावलं तर आवाज व्हावा. तुला कुणी सांगितलं नाही, कारण इथल्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही. आणि तूही विचारलं नाहीस. ज्या यंत्राच्या भरवशावर बाईला सोडून गेलास ते तू एकदाही तपासलं नाहीस. एवढं तुझ्या माथी आहे."

"आहे," तो म्हणाला.

"कल्पना चांगली आहे," डॉ. हरालांब म्हणाले. आवाज थंड होता. "आत्ता तर यंत्र नीट ओरडतं. तुम्हीच ऐकलंत. आकडा खाली होता हे कोण सिद्ध करणार?"

"तुम्हीच म्हणालात, काल बघितलं. कुलूपशब्द तुमच्याकडे आहे."

"बघणं म्हणजे बदलणं नव्हे, बाई. संध्याकाळ होत आली. मंडळ तुमच्या तर्काची वाट बघत नाहीये, नावाची बघतंय. आहे कुणी सांगणारं?"

कासियान भिंतीला टेकून उभा होता. मी काय लिहिणार हे त्याला कळलं असावं, आणि पुराव्याशिवाय ते टिकणार नाही हेही.

"आहे."

वेतुरियाबाई इतक्या हळू बोलल्या की नार्चिसाने मान वळवून बघितलं.

"मी आहे सांगणारी. साहेब, मीच तुम्हाला म्हटलं होतं ना? जून आला की हे भूत दिवसभर किंचाळतं, पेशंट घाबरतात, माझं डोकं उठतं, याला जरा गप्प करा. मोठ्या मनाने तुम्ही केलंत. तेव्हापासून दरवर्षी करताय. अक्रोडांचे दिवस सरले की पुन्हा वर नेता. यंदा लवकर वर नेलंत, मंगळवारी, कुणी बघत नाही असं समजून. मी इथेच फरशी पुसत होते, काय केलंत ते आज सकाळी ते ओरडल्यावर कळलं."

"वेतुरिया, नीट विचार कर. नोकरीचं—"

"नोकरीचं काय घेऊन बसलात?" पहिल्यांदाच त्या चिडल्या. "सकाळी डॉक्टरबाईंनी विचारलं तर मी एवढंच म्हटलं की बटण दाबलं नाही. खरंच दाबलं नव्हतं. खऱ्याच्या आडोशाला लपले मी, कुमारीमातेच्या नावाने. हा पोरगा," त्यांनी कासियानकडे बोट केलं, "सोमवारपासून जेवला नाहीये. आणि मी घरी जाऊन मुरंबा ढवळला." 

डॉ. हरालांब खिडकीशी गेले. न वळता म्हणाले, "मी विभाग वाचवत होतो."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "विभाग राहावा असंच मी लिहीन. धोक्याचे पेशंटही घ्यावेत असं लिहीन. चिमटा कानाच्या पाळीला लावायचा, तिथे कुणी अक्रोड सोलत नाही. आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला त्याचं यंत्र बसवल्याशिवाय डॉक्टर हलणार नाही, मग टेबलावर कुणीही असो. तुमचं काय ते मात्र तुम्हीच मंडळाला सांगा. मी सांगण्याआधी."

मी सगळ्यांसमोर फोन लावला. तोच घाईतला माणूस होता.

"ठरलं का, टेकलाबाई?"

"कासियानचा परवाना राहू द्या."

"मग दोष कुणाचा लिहू? एक नाव द्या."

"एक नाव नाही. डॉक्टर हरालांब तुमच्याशी बोलतायत." मी फोन त्यांच्यापुढे धरला. हात पुढे यायला त्यांना वेळ लागला, पण आला. ते फोन घेऊन बाहेर गेले, आणि दारापलीकडून त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. पहिलं वाक्य 'मी' पासून सुरू होत होतं.

नार्चिसा एवढा वेळ जागची हलली नव्हती. आता ती वेतुरियाबाईंसमोर जाऊन उभी राहिली. वेतुरियाबाई तिच्या छातीपर्यंतही येत नव्हत्या. मला वाटलं ती मारणार. कासियानलाही वाटलं असावं, तो पुढे सरकला.

"हातात हात होता," नार्चिसा म्हणाली.

"होता गं, पोरी."

"आणि बघत होतीस."

"बघत होते. अक्रोड समजले."

नार्चिसाचा जबडा हलत राहिला. दोन दिवस जपून ठेवलेलं ओरडणं तिच्या गळ्याशी आलेलं मला दिसत होतं. ते बाहेर आलं तेव्हा त्याचा आवाज फार लहान होता.

"उद्या पहाटे मला भट्टीवर जावं लागेल. आईपाशी कुणी नाही. तू येऊन बस."

वेतुरियाबाईंनी मान वर केली.

"तिचा हात धरून बस," नार्चिसा म्हणाली. "जगात आता तुझ्याइतकं नीट तिच्या नखांकडे कुणी बघणार नाही."